अंकोरच्या मातीतला पाण्याचा हिशेब

जुन्या गोव्यात पोर्तुगीजांच्या दप्तराचा कारभार सोळाव्या शतकाच्या अखेरीस दियोगु द कोउतु या बखरकाराकडे होता. पूर्वेकडची गलबते मांडवीत नांगर टाकत तेव्हा मालाबरोबर हकिकतीही उतरत आणि त्यांतल्या कामाच्या तेवढ्या कोउतु टिपून ठेवी. आंतोनिओ द मादालेना या कापुचिन साधूने त्याला कंबोडियाच्या रानातल्या एका अजब नगरीविषयी सांगितले. मादालेना १५८६ च्या सुमारास ती डोळ्यांनी पाहून आला होता. हत्तीच्या शिकारीला गेलेल्या तिथल्या राजाला झाडोऱ्यात दगडी बांधकामे दिसली आणि त्याने हजारो माणसे लावून रान साफ करवले, अशी ती कथा. कोउतुने देवळे, तटबंदी, पाण्याने भरलेले रुंद खंदक आणि त्यांवरचे पूल यांची तपशीलवार नोंद केली. मादालेना १५८९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून मेला, कोउतु १६१६ मध्ये गोव्यातच वारला आणि त्या नगरीचे, म्हणजे अंकोरचे, ते प्रकरण छापले न जाता कागदपत्रांत पडून राहिले.

साडेतीनशे वर्षांनी ते इतिहासकार चार्ल्स बॉक्सर यांच्या हाती लागले. त्यांच्याकडून ते बर्नार-फिलिप ग्रोलिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाकडे आले. ग्रोलिए तेव्हा अंकोरलाच काम करीत होते. विमानातून काढलेली छायाचित्रे ते रोज न्याहाळत आणि त्यांत देवळांपेक्षा त्यांना सरळ रेघा जास्त खुणावत: शेतांमधून मैलोन्‌मैल गेलेले बांध, बुजलेले चर, कोरडे पडलेले चौकोनी तलाव. १९५८ मध्ये त्यांनी पोर्तुगीज आणि स्पॅनिश साधनांच्या आधारे सोळाव्या शतकातल्या अंकोरवर पुस्तक लिहिले आणि गोव्यातली नोंद जगापुढे आणली. अंकोरचे मर्म पाण्यात आहे, हा विचार तोवर त्यांच्या मनात पक्का होत चालला होता. त्या विचारावरून पुढे काही दशके वाद झाला. तो बऱ्याच अंशी मिटला तो २०१२ मध्ये, हेलिकॉप्टरला बांधलेल्या एका लेझर यंत्रामुळे.

दगड देवाला, लाकूड माणसाला

वाद समजायचा तर आधी तिथली जमीन समजली पाहिजे. कंबोडियाच्या वायव्य भागात सिएम रीप शहराच्या उत्तरेला कुलेन नावाचा वालुकाश्माचा डोंगर आहे. उंची चार-पाचशे मीटरच्या आत. त्याच्यावरून निघालेल्या लहान नद्या दक्षिणेला जवळजवळ सपाट मैदानातून तोन्ले साप या विशाल सरोवराला मिळतात. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिचे पाणी उलटे या सरोवरात शिरते आणि त्याचा विस्तार चार-पाच पट होतो. वर्षाचा अर्धा भाग पाणीच पाणी, उरलेला अर्धा भाग तडे गेलेली जमीन.

या जमिनीवर ख्मेर राजांनी सहा शतके राज्य केले. इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने कुलेन डोंगरावर महेंद्रपर्वत येथे स्वतःला चक्रवर्ती घोषित केले, असे अकराव्या शतकातला एक संस्कृत आणि ख्मेर शिलालेख सांगतो. नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्म्याने खाली मैदानात यशोधरपूर वसवले आणि साडेसात किलोमीटर लांबीचा तलाव बांधला. अकराव्या शतकात त्याहून मोठा पश्चिम तलाव झाला: लांबी आठ किलोमीटर, रुंदी दोन किलोमीटरहून जास्त. या तलावांना तिथे बाराय म्हणतात. ते खोदलेले नाहीत. चारी बाजूंनी मातीचे बांध घालून पाणी जमिनीच्या वर अडवलेले आहे, म्हणजे बांध फोडून किंवा मोरी उघडून ते उताराने सोडता येईल. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने अंकोर वट हे विष्णुमंदिर उभारले, त्याच्या भोवतीचा खंदकच सुमारे १९० मीटर रुंद. त्याच शतकाच्या अखेरीस सातव्या जयवर्म्याने अंकोर थोम ही तीन किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तटबंदीची राजधानी बांधली.

पण या राजधानीत माणसे राहत कुठे? दगड आणि वीट देवासाठी राखलेली होती. १२९६ मध्ये चिनी शिष्टमंडळाबरोबर आलेला झोउ दागुआन सुमारे वर्षभर तिथे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की राजवाड्याच्या मुख्य भागावर शिशाची कौले होती, बड्या अधिकाऱ्यांना घराच्या ठराविक भागावरच कौले घालता येत आणि सामान्य माणसाला गवताने शाकारलेल्या छपराशिवाय दुसरे काही घालण्याची मुभा नव्हती. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत राहती घरे लाकडाची. ती सगळी कुजून गेली. मागे उरले ते घराखाली टाकलेल्या भरावाचे उंचवटे आणि त्या भरावासाठी माती काढल्याने झालेली घराशेजारची तळी. उंचवटा जेमतेम हात-दोन हात उंच. त्यावर सात-आठशे वर्षे पाने पडत राहिली, झाडे वाढली, वाळवीने वारुळे केली. त्यावरून चालणाऱ्या माणसालाही आपण कुणाच्या अंगणात आहोत हे कळायची सोय राहिली नाही.

म्हणून अंकोरचा इतिहास देवळांचा आणि शिलालेखांचा इतिहास झाला. कोणत्या राजाने कोणते देऊळ बांधले, किती दासदासी दिल्या, हे शिलालेख सांगतात. त्या दासदासींनी भात कुठे पिकवला, पाणी कुठून आणले, एकूण माणसे होती किती, यावर ते जवळजवळ गप्प आहेत.

ग्रोलिए यांचा दावा

१९७९ मध्ये ग्रोलिए यांनी आपला सिद्धांत पूर्ण मांडणीने प्रसिद्ध केला. अंकोर हे जलनगर होते, तलाव आणि पाट हे भातशेतीच्या सिंचनाचे जाळे होते, त्या जोरावर वर्षात एकाहून अधिक पिके निघत, प्रचंड लोकसंख्या पोसली जाई आणि साम्राज्य चाले. पुढे गाळ साचून हे जाळे निकामी झाले आणि त्याबरोबर अंकोरही खचले, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्याच वर्षी फान लीर या डच तज्ज्ञाने त्यावर हल्ला चढवला. मेकाँग खोऱ्यातल्या पाण्याचा त्याचा अभ्यास होता. त्याचा मुद्दा सरळ होता: एवढ्या मोठ्या तलावांतून पाणी बाहेर काढायचे दरवाजे कुठे आहेत? शेतात ते वाटणारे पाट कुठे आहेत? त्याच्या मते बाराय म्हणजे मेरू पर्वताभोवतीच्या सागराची प्रतिकृती. राजाचे पुण्य वाढवायला बांधलेली, शेतीशी फारसा संबंध नसलेली. झोउ दागुआनही सिंचनाचे नाव काढत नाही, याकडे पुढच्या टीकाकारांनी बोट दाखवले.

वाद मिटवायचा तर जमिनीवर जायला हवे होते आणि नेमके तेच शक्य नव्हते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यादवी युद्ध अंकोरच्या दारात येऊन ठेपले आणि ग्रोलिए यांना काम सोडावे लागले. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने देशाची स्मशानभूमी केली. त्यानंतरही वीसेक वर्षे रानांत भूसुरुंग पेरले जात राहिले, कुलेन डोंगर तर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ख्मेर रूजच्या बालेकिल्ल्यांपैकी एक होता. ग्रोलिए १९८६ मध्ये वारले. जग कंबोडियाच्या सरकारशी संबंध ठेवायला बिचकत होते त्या दिवसांत, त्याच १९८६ पासून १९९३ पर्यंत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसे अंकोर वटच्या दुरुस्तीवर राबत होती. पण ते काम मंदिराचे होते, भोवतालच्या रानाचे नव्हे.

नव्वदच्या दशकात पुरातत्त्वज्ञ ख्रिस्तोफ पॉटिए यांनी हवाई छायाचित्रे हाताशी घेऊन अंकोरच्या दक्षिण भागात गावोगाव पायपीट केली आणि शेकडो उंचवटे, तळी आणि लहान देवळांच्या जागा नकाशावर आणल्या. फान लीर यांना न दिसलेले तलावांचे प्रवेशमार्ग आणि निर्गमही त्यांनी दाखवले. सिडनी विद्यापीठाचे रोलंड फ्लेचर आणि त्यांचे तरुण सहकारी डेमियन इव्हान्स यांनी नासाच्या विमानातून मिळालेल्या रडार प्रतिमांची त्यात भर घातली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नकाशा थक्क करणारा होता. सुमारे हजार चौरस किलोमीटरवर पसरलेली विरळ वस्ती, हजाराहून जास्त तळी, आधी माहीत नसलेली सत्तरहून अधिक देवळे आणि हे सगळे ओवणारे पाटांचे आणि रस्त्यांचे जाळे. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या जगात एवढी पसरलेली नागर वस्ती दुसरी ठाऊक नव्हती.

तरी या नकाशाला दोन मोठी भोके होती. शेतजमिनीत उंचवटे रडारला आणि कॅमेऱ्याला दिसत होते, पण अंकोर थोम आणि अंकोर वट या खुद्द राजधानीच्या गाभ्यावर घनदाट झाडी होती. आणि जिथून सगळे पाणी येते तो कुलेन डोंगर तर पूर्ण रानाखाली होता.

कवडशांमधून जमीन

दाट झाडीखाली उभे राहून वर पाहिले की हिरवे छत अभेद्य वाटते, पण खाली पाहिले तर पालापाचोळ्यावर कवडसे पडलेले असतात. जिथून ऊन येते तिथून लेझरही येऊ शकतो. लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडार या तंत्राचे सगळे शास्त्र या कवडशांवर उभे आहे.

यंत्र सेकंदाला लाखाच्या घरात लेझरचे ठोके खाली सोडते. आठशे मीटर उंचीवरून निघालेला ठोका जमिनीला लागून परत यायला सेकंदाचे जेमतेम पाच दशलक्षांश भाग घेतो. हा वेळ मोजला की अंतर कळते. ठोक्याचा थोडा भाग शेंड्यावरच्या पानावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, उरलासुरला जमिनीवरून. यंत्र या सगळ्या परतींची वेगवेगळी नोंद ठेवते. हेलिकॉप्टर त्या क्षणी नेमके कुठे होते हे जीपीएस सांगते आणि ते किती कलले, किती डोलले हे दुसरे उपकरण. दोन्हींची सांगड घातली की प्रत्येक परतीची जागा आणि उंची ठरते. अशा अब्जावधी बिंदूंमधून संगणकाने झाडांचे बिंदू वेगळे काढले की खाली उरते ती नुसती भुई. मग नकाशावर एका बाजूने तिरका उजेड टाकायचा. संध्याकाळच्या उन्हात शेतातला बांध जसा ठळक दिसतो, तसा हातभर उंचवटाही त्या उजेडात सावली टाकतो.

तंत्राचे घटक जुने होते. लेझर १९६० मधला. १९७१ मध्ये अपोलो १५ यानाने चंद्राच्या पृष्ठभागाची उंची लेझरने मोजली होती. पण उडत्या विमानाची जागा काही सेंटिमीटरपर्यंत कळल्याशिवाय पृथ्वीवरच्या नकाशासाठी त्याचा उपयोग नव्हता. ती सोय जीपीएसने नव्वदच्या दशकात केली आणि आधी पूररेषा, रस्ते, जंगलखाते यांची कामे सुरू झाली. पुरातत्त्वात दाट उष्णकटिबंधी रानाखाली याची ताकद २००९ मध्ये मध्य अमेरिकेत बेलीझमधल्या काराकोल या माया नगरीवर दिसली. आर्लन आणि डायान चेस या दांपत्याने तिथे पाव शतक रान तोडत जेवढे मोजले होते, त्याच्या कितीतरी पट म्हणजे दोनशे चौरस किलोमीटर क्षेत्र काही दिवसांत नकाशावर आले.

अंकोरला हा प्रयोग एका संस्थेच्या खिशाला झेपणारा नव्हता. आठ संस्थांनी मिळून वर्गणी काढली आणि एप्रिल २०१२ मध्ये, उन्हाळ्याने पाने विरळ झालेली असताना, हेलिकॉप्टरने ३७० चौरस किलोमीटर क्षेत्र पिंजून काढले. अंकोर, कुलेन आणि दूर ईशान्येचे कोह केर. कामाची सूत्रे डेमियन इव्हान्स यांच्याकडे होती.

भुईवर काय दिसले

पहिला धक्का अंकोर थोमचा. तटाच्या आत रस्ते आणि पाट एकमेकांना काटकोनात छेदत होते, मधल्या प्रत्येक चौकोनात उंचवटे आणि तळी होती. आखणी तटाशी थांबतही नव्हती. तटाबाहेर तीच चौकट पुढे चालू होती. नऊ चौरस किलोमीटरची समजली जाणारी राजधानी किमान ३५ चौरस किलोमीटर आखीव नगर निघाली. अंकोर वटच्या खंदकाच्या आतही, जिथे पर्यटक सावली बघून बसतात त्या झाडीत, अशाच गल्ल्या आणि घरांच्या जागा होत्या. पवित्र एकांतात उभे असलेले मंदिर ही आपल्या मनातली प्रतिमा फ्रेंचांनी साफ केलेल्या रानातून आली होती. बाराव्या शतकात तिथे चुली पेटत होत्या.

चुलींची गोष्ट अंदाजाची नाही. लायडार फक्त उंची सांगतो, त्या उंचवट्यावर कोण कधी राहिले हे कुदळीलाच विचारावे लागते. मिरियम स्टार्क आणि अ‍ॅलिसन कार्टर यांच्या तुकडीने अंकोर वटच्या आवारातले काही उंचवटे खणले, तेव्हा स्वयंपाकाची जागा आणि खापरांचे ढीग मिळाले. कोळशाच्या कालमापनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. १४३१ मध्ये सयामच्या अयुथ्थया राज्याच्या सैन्याने अंकोर जिंकले आणि ते ओस पडले, असे पाठ्यपुस्तकी सूत्र होते. या उंचवट्यांवर मात्र चौदाव्या शतकाच्या शेवटी किंवा पंधराव्याच्या सुरुवातीला माणसे पुन्हा राहायला आली आणि पुढे सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत राहिली.

काही आकृत्यांनी मात्र सगळ्यांनाच कोड्यात टाकले. अंकोर वटच्या दक्षिणेला, खंदकाच्या बाहेर, दीड किलोमीटर लांब पट्ट्यात काटकोनी वळणांची मातीची वेटोळी दिसतात. बागा असाव्यात, काम अर्धवट सोडलेले असावे, असे अंदाज आहेत. त्यापलीकडे कुणी ठामपणे बोलत नाही.

कुलेनवर जे दिसले त्याची बातमी २०१३ मध्ये जगभर ‘हरवलेले शहर सापडले’ अशा मथळ्यांनी गेली. मथळा आकर्षक होता, पण अर्धाच खरा. महेंद्रपर्वताचे नाव शिलालेखात होते. फिलिप स्टर्न यांनी १९३६ मध्ये डोंगरावरची देवळे हिंडून पाहिली होती. जाँ-बाप्तिस्त शेवाँस आणि त्यांचे ख्मेर सहकारी कित्येक वर्षे भूसुरुंगांच्या धास्तीतून वाट काढत तिथे खणत होते आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांना तर ती देवळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. हरवलेली होती ती देवळांमधली जागा. सुटी सुटी वाटणारी देवळे एकाच आखणीतली आहेत, त्यांच्यामधून सरळ राजरस्ते जातात, बांध आणि तलाव आहेत, हे लायडारने जोडून दाखवले. पुढच्या उड्डाणांनंतर २०१९ मध्ये पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: चाळीस ते पन्नास चौरस किलोमीटरवर चौकटीत आखलेले नगर आणि बांधायला घेऊन अर्धवट टाकलेला एक प्रचंड तलाव. ही चौकट मैदानातल्या अंकोरच्या आखीव रस्त्यांहून कित्येक पिढ्या जुनी. जयवर्म्याचे वारस मात्र या डोंगरावर फार काळ टिकले नाहीत. भातशेतीला खालचे मैदानच बरे होते.

या नगराची किंमत डोंगराने आपल्या तळ्यांत नोंदवून ठेवली आहे. डॅन पेनी आणि शेवाँस यांच्या तुकडीने कुलेनवरच्या एका जुन्या बंधाऱ्यामागचा गाळ नळीने उपसून थर तपासले. नवव्या शतकाच्या मध्यापासून अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वाळूचे थरच्या थर त्यात आले आहेत. झाडे तुटली, उतारावरची माती सुटली आणि पावसाबरोबर खाली आली. राजधानी हलल्यावरही डोंगरावर माणसांचा वावर आणि तोड चालू होती. आणि अंकोरचे पाणी याच डोंगरावरून येत होते.

एका बांधाची गोष्ट

दहाव्या शतकात चौथ्या जयवर्म्याने राजधानी ईशान्येला कोह केर येथे नेली. ९२८ ते ९४४ एवढाच तिचा काळ. या अल्प काळात तिथे सात मजली डोंगरासारखे देऊळ उभे राहिले आणि त्याबरोबर एक बांध. लायडारमध्ये तो पूर्ण दिसला तेव्हा त्याची लांबी सुमारे सात किलोमीटर भरली. नदीचे अख्खे खोरे अडवायचा बेत होता. त्या वेळपर्यंत ख्मेर राजांनी हाती घेतलेले पाण्याचे हे सर्वांत मोठे काम.

टेरी लस्टिग आणि सहकाऱ्यांनी जमिनीची उंची हातात आल्यावर इंजिनिअर करतो तेच गणित केले. वरच्या पाणलोटातून पावसाळ्यात किती पाणी येईल? सांडव्यातून किती जाईल? उत्तर जुळेना. दगडाने बांधलेला सांडवा नेहमीच्या पुराला पुरत नव्हता. जमिनीखाली पाहणाऱ्या रडारने त्याच्या फुटलेल्या आणि वाहून गेलेल्या भागाचा माग काढला. बांध बहुधा बांधल्यावर थोड्याच वर्षांत, पाणी डोक्यावरून जाऊन फुटला. राजधानी परत अंकोरला नेण्यामागे हेही एक कारण असावे, असे या संशोधकांना वाटते. शिलालेखांत या फजितीचा शब्दही नाही. राजे बांध बांधल्याचे लेख कोरून ठेवतात, फुटल्याचे कोण कोरतो?

मोठ्या अंकोरचा शेवट असा एका पावसाळ्यात झाला नाही. व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या सुरूजातीच्या झाडांच्या वाढीची वर्तुळे ब्रेंडन बकली यांनी मोजली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीत चौदाव्या शतकाच्या मध्यापासून काही दशकांचा दुष्काळ दिसतो, पंधराव्याच्या सुरुवातीला पुन्हा एक, आणि मध्ये मध्ये अतिवृष्टीची वर्षे. कोरड्या वर्षांत पाटांत गाळ साचायचा, बांध तडकायचे आणि मग एकाच पावसाळ्यात सगळे पाणी एका वाटेने धावायचे. अंकोर थोमच्या पूर्वेला स्पिअन थ्मा नावाचा दगडी पूल आजही उभा आहे. जुन्या देवळांचे दगड वापरून तो बांधला होता. नदी आता त्याच्या कमानींखालून जात नाही. पुलाला बगल देऊन तिने शेजारी नवी घळ पाडली आहे आणि तिचा तळ कित्येक मीटर खाली गेला आहे. पात्र इतके खोल गेले की त्यातले पाणी आजूबाजूच्या पाटांत चढणार कसे?

पेनी यांच्या तुकडीने २०१८ मध्ये हीच प्रक्रिया पूर्ण जाळ्यावर चालवून पाहिली. एका पाटाचे पात्र झिजून रुंदावले की जास्त पाणी तिकडे ओढले जाते, म्हणून ते आणखी झिजते, बाकीचे पाट पाण्याविना गाळाने भरतात. नुकसान एका ठिकाणी थांबत नाही, ते जाळ्याच्या जोडणीतूनच पुढे पसरते. चारशे वर्षे प्रत्येक राजाने आधीच्या कामाला नवे जोडकाम केले होते. जोडणीमुळेच जाळे समर्थ होते आणि जोडणीमुळेच ते एकदम ढासळण्याची भीती होती. माणसे मात्र त्याच्याही आधीपासून काढता पाय घेत असावीत. अंकोर थोमच्या खंदकातल्या गाळात शेतीच्या, जाळपोळीच्या आणि मातीच्या झिजेच्या खुणा चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून कमी होत जातात आणि शतकाच्या अखेरीस खंदकावर तरंगती वनस्पती माजलेली दिसते. साफ करायला कुणी उरले नव्हते, किंवा साफ करण्यात कुणाला रस उरला नव्हता.

२०१५ मध्ये युरोपीय संशोधन परिषदेच्या पैशावर इव्हान्स यांनी आणखी १,९१० चौरस किलोमीटर क्षेत्र मोजले. सातव्या शतकातल्या ईशानपुरापासून अंकोरनंतरच्या लोंगवेक आणि उदोंग या राजधान्यांपर्यंत. लाखो माणसे अंकोर सोडून दक्षिणेला गेली असतील तर तिथे तेवढी मोठी नगरे दिसायला हवीत. तशी ती दिसली नाहीत. म्हणजे एकगठ्ठा स्थलांतराची कथाही ढिली पडली. २०२१ मध्ये सारा क्लासन, अ‍ॅलिसन कार्टर आणि सहकाऱ्यांनी लायडारचे नकाशे, उत्खनने आणि जुन्या नोंदी एकत्र करून लोकसंख्येचा अंदाज काढला: तेराव्या शतकात, ऐन भरात, सात ते नऊ लाख.

हिशेब कुणाच्या बाजूने लागला?

ग्रोलिए यांचे म्हणणे मुळात खरे ठरले. तलावांना दरवाजे होते, पाट शेतांपर्यंत जात होते, पाण्याची व्यवस्था नगराच्या गाभ्यात होती. फान लीर यांची शंकाही वाया गेली नाही. तिच्यामुळेच निर्गम शोधायला माणसे रानात शिरली. ज्या बाबतीत दोघेही चुकले ती बाब म्हणजे एकसंधपणा. ग्रोलिए यांना एका योजनेचे यंत्र दिसत होते, फान लीर यांना एका श्रद्धेची प्रतिकृती. नकाशावर दिसते ते चारशे वर्षांचे ठिगळकाम: एकाचा पाट दुसऱ्याने वळवलेला, एकाचा बांध तिसऱ्याने रस्ता म्हणून वापरलेला. साम्राज्याचा इतिहास राजांच्या नावांनी लिहिला तर ही ठिगळे दिसत नाहीत. मातीच्या उंचीने लिहिला तर त्यांच्यावाचून दुसरे काही दिसत नाही. डेमियन इव्हान्स २०२३ मध्ये अकाली गेले. त्यांच्या कामानंतर ख्मेर इतिहास देवळांपुरता लिहिणे कुणालाही जड जाईल.

पुरातत्त्वज्ञ जे बिंदू बाजूला काढतात, म्हणजे शेंडे आणि फांद्या, तेच वनशास्त्रज्ञांना हवे असतात. त्यांवरून झाडांची उंची आणि रानात साठलेला कार्बन यांचा अंदाज बांधता येतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अवकाशस्थानकाकडे धाडलेले गेडी हे लेझर यंत्र जगभरच्या रानांसाठी हेच काम करण्यासाठी बनवलेले आहे. कुलेनवर आजही तोड चालते, त्यामुळे एका उड्डाणातून हाती आलेले हे दोन्ही नकाशे तिथे उपयोगी आहेत: गेल्या हजार वर्षांत भुईचे काय झाले आणि आज वरच्या छताचे काय होते आहे.

सिएम रीपमध्ये पाण्याचा प्रश्न रोजच्या कारभाराचा झाला आहे. लाखो पर्यटकांसाठी हॉटेलांनी जमिनीखालचे पाणी उपसले. देवळांचे पाये वाळूच्या भरावावर आहेत आणि तो भराव ओला राहिला तरच त्याला बळ असते, म्हणून पाण्याची पातळी खाली गेली की दगडांनाही धोका. २००९ ते २०११ या काळात शहरात पूर आले. अंकोरचा कारभार पाहणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने शतकानुशतके कोरडा पडलेला सातव्या जयवर्म्याचा जयतटाक पुन्हा भरला, जुने पाट उपसले, पुराचे पाणी त्यांतून तलावांकडे आणि खंदकांकडे वळवले. उन्हाळ्यात तेच पाणी जमिनीत मुरते. बाराव्या शतकातले काम एकविसाव्या शतकात चालू झाले, याचे कौतुक सहज होते. पण त्या जाळ्याचा शेवटही आता ठाऊक झाला आहे. एक पाट उघडला की पाणी दुसऱ्या कुठल्या तरी पाटाचे घेतले जाते, हे स्पिअन थ्माच्या पुलाशेजारी उभे राहिले तरी दिसते. अभियंत्यांपुढचा प्रश्न म्हणून कोणता पाट चालू करायचा एवढाच नाही. कोणते बुजलेलेच राहू द्यायचे, हेही त्यांना ठरवावे लागते आणि ते ठरवायला लागणाऱ्या उंचीच्या नोंदी आता त्यांच्या हाती आहेत.